आधी पान उलटून बघा

जेडच्या पानाला बोट लावलं आणि ते चिकट लागलं, तर त्या दिवशी कसलीही फवारणी करू नये. कुंडी उचलून उजेडात आणावी, पान उलटून बघावं, त्याच्या वरची फांदी बघावी, कुंडीखालची फरशी बघावी. औषधाचा विचार नंतर. हे मी आमच्या सोसायटीत इतक्या जणांना सांगितलं आहे की आता एकदा नीट लिहावं असं वाटलं. शहरातल्या बाल्कन्यांत आणि खिडक्यांत अलीकडे जी विषारी औषधं येऊन बसली आहेत, त्यांतली बरीचशी, निदान मी पाहिली तेवढी, अशा एखाद्या चिकट पानाच्या निमित्तानं घरात शिरलेली आहेत.

माझी उमेदीची वर्षं तासगाव, पलूस, मिरज या भागातल्या द्राक्षबागांत गेली. कृषी सहायक होतो. पिठ्या ढेकूण म्हणजे काय, हे द्राक्षवाल्याला समजावून सांगावं लागत नाही. तो घडात शिरला की मण्यांवर चिकटा येतो, चिकट्यावर काळी बुरशी चढते आणि व्यापारी बांधावरूनच मागे फिरतो. निवृत्तीनंतर मुलाकडे पिंपरीला राहायला आलो, तेव्हा वाटलं होतं की या किडीशी आता आपला संबंध संपला. तर लिफ्टमध्ये लोक कुंड्या घेऊन भेटायला लागले. ‘काका, याच्या पानांना गोंद लावल्यासारखं झालंय, बघता का जरा?’ बघितलं तर द्राक्षवेलीच्या ओलांड्याच्या सालीखाली दडून बसणाऱ्या त्याच किडीची भावंडं इथं जेडच्या पेरांत ठाण मांडून बसलेली.

तिसऱ्या मजल्यावरच्या एका वहिनींनी मला त्यांची कुंडी दाखवली, तेव्हा हातात एक छोटी बाटलीही होती. नर्सरीवाल्याला त्यांनी नुसतं सांगितलं होतं, पानं चिकट झालीत. त्यानं झाड पाहिलं नाही, फोटो मागितला नाही, ही बाटली दिली आणि ‘लिटरला एवढे थेंब’ असं तोंडी सांगितलं. बाटलीवर नाव नाही, घटक नाही, तारीख नाही, धोक्याची खूण नाही. घरात दीड-दोन वर्षांचं मूल, जे दिसेल ते तोंडात घालणारं. मला त्या नर्सरीवाल्याचा राग आला आणि अजून तो गेलेला नाही.

आता मूळ गोष्ट. पान चिकट का होतं?

मांसल पानांच्या झाडांवर रस शोषणाऱ्या तीन किडी मुख्यतः सापडतात: पिठ्या ढेकूण, खवले कीड आणि मावा. त्या सोंड खुपसतात ती झाडाच्या अन्नवाहिनीत. पानात तयार झालेली साखर तिथून खाली-वर वाहत असते. त्या रसात साखर भरपूर, पण वाढीला लागणारी अमिनो आम्लं अगदी थोडी. नुसत्या उसाच्या रसावर दिवस काढून अंगावर मांस चढवायचं म्हटलं तर माणसाला घागरी रिचवाव्या लागतील. ही कीड तेच करते. पोटभर रस ओढते, त्यातलं हवं ते ठेवते आणि उरलेलं साखरपाणी मागच्या बाजूनं टाकते. तेच थेंब खालच्या पानावर, खिडकीच्या कठड्यावर, फरशीवर पडतात आणि वाळून चिकटा होतो.

यातला कामाचा भाग हा, की चिकटा वरून खाली पडतो. चिकट पानावर कीड दिसली नाही म्हणून लोक गोंधळतात. ती तिथं नसतेच बहुधा. ती वरच्या पानाच्या खालच्या अंगाला असते, देठ खोडाला मिळतो त्या बेचक्यात असते, कोवळ्या शेंड्याच्या आत असते. कधी तर ती त्या झाडावरही नसते. वर टांगलेल्या दुसऱ्याच कुंडीतून ठिबकत असते. झाडाखाली लावलेल्या गाडीच्या काचेवर सकाळी जे चिकट ठिपके दिसतात, तेही पुष्कळदा हेच. मुंबईत मोठमोठे वर्षावृक्ष वाळत गेले, त्यांवर पिठ्या ढेकणाचाच जोर होता. मुळाभोवती सिमेंट ओतून आधीच त्यांना दुबळं केलेलं होतं, हेही तेव्हा जाणकार सांगत होते.

मुंग्या हा दुसरा पुरावा. जेडच्या खोडावरून मुंग्यांची रांग चढताना दिसली, तर चिकटा बोटाला लागण्याआधीच समजावं. मुंग्यांना ते साखरपाणी हवं असतं. त्यासाठी त्या किडीची राखण करतात, तिला खाणाऱ्या किड्यांना हुसकून लावतात आणि पिल्लांना उचलून नव्या फांदीवरही नेऊन ठेवतात. मुंग्या हटवल्याशिवाय पिठ्या ढेकूण हटत नाही, हे बागेत खरं आणि गॅलरीतही खरं. कुंडी पाणी भरलेल्या ताटलीत विटेच्या तुकड्यावर ठेवली, म्हणजे कुंडीचं बूड पाण्यात बुडत नाही आणि मुंग्यांना वाट राहत नाही. मात्र पान भिंतीला किंवा पडद्याला टेकलेलं नको, नाहीतर त्या तिथून येतात. ताटलीतलं पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदलायला हवं. डेंग्यूचे डास तेवढ्या पाण्यातही वाढतात.

पण प्रत्येक चिकटपणा किडीचा नसतो आणि म्हणूनच मी बघा, बघा म्हणतो. स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलेल्या झाडावर तळणीचं तेल वाफेबरोबर जाऊन बसतं, त्यावर धूळ बसते, पान चिकट लागतं. तिथं कीड नाही आणि औषधाचं काही काम नाही. ओळख सोपी आहे. ओल्या कापसानं पुसलं आणि पहिल्याच हातात पान स्वच्छ झालं तर ती साखर. पाणी नुसतं घसरलं आणि तुकतुकी तशीच राहिली तर ते तेल. स्नेक प्लांटला फुलांचा दांडा आला की त्यावर मधाचे चिकट थेंब लोंबतात. होयाच्या फुलांतूनही मध टपकतो. तो झाडाचा स्वतःचा मध आहे, त्याला हात लावू नये. काही एओनियमची पानं जन्मतःच चिकट असतात. आणि पान चिकट नसून बुळबुळीत लागत असेल, दाबल्यावर आत जात असेल, वास येत असेल, तर ती कूज आहे, पाणी जास्त झालं आहे. त्याचा उपाय वेगळा.

उलटही होतं. जेडच्या पानाच्या कडेनं बारीक पांढरे ठिपके ओळीनं दिसतात आणि लोक घाबरून फवारा मारतात. जेडच्या पानावर पाणी बाहेर टाकणारी सूक्ष्म छिद्रं असतात. बोअरच्या जड पाण्यातले क्षार तिथं वाळून राहतात. नखानं खरवडले की भुकटी होते, चिकटपणा नाही, कापसासारखा धागा नाही, मुंगी नाही. एचेवेरियाच्या पानावरची पांढरी पावडर हीसुद्धा कीड नाही. ते झाडाचं मेण आहे, उन्हापासून आणि पाण्यापासून राखणारं. एकदा पुसलं की त्या पानावर ते पुन्हा पहिल्यासारखं येत नाही. कोरफडीवर पांढरट चपटे खवले चिकटलेले दिसले आणि चिकटा मात्र कुठेच नसला, तर ती कवचवाली खवले कीड. ती रस पिते, पण साखरपाणी टाकत नाही. तपकिरी, मऊ, फुगीर खवले असले तर मात्र पान चिकट होणारच. इतका फरक डोळ्यांना दिसतो. त्याला प्रयोगशाळा लागत नाही, एक भिंग लागतं, शाळेच्या दप्तरात मिळतं तसलं.

आता पिठ्या ढेकूण सापडलाच असं धरू. पेरात कापसाचा पुंजका, त्यात गुलाबी-पिवळसर अंडी, आजूबाजूला पांढरी पिठूळ अंगाची मादी. एक मादी ३०० ते ६०० अंडी घालते, या किडीच्या काही जाती थेट पिल्लंच देतात. उष्ण दिवसांत महिन्याभरात नवी पिढी तयार होते. आपल्याकडे फेब्रुवारी सरता सरता हिचा जोर वाढतो आणि मेपर्यंत टिकतो. पावसाच्या सरींनी बाहेरच्या झाडांवरची पुष्कळशी कीड धुऊन जाते. घरातल्या कुंडीवर पाऊस पडत नाही, वारा नाही, किडीला खाणारे किडेही नाहीत. म्हणून बागेपेक्षा खिडकीत ती जास्त सुखात राहते.

पहिलं काम, ती कुंडी बाकीच्यांपासून लांब ठेवणं. दुसरं, पाणी. मातीवर प्लास्टिकची पिशवी बांधायची, कुंडी आडवी धरायची आणि नळाच्या धारेनं, बोटानं चोळत, पानाच्या खालून आणि बेचक्यांतून धुवायचं. अर्ध्याहून जास्त कीड इथंच जाते आणि चिकटाही जातो. काळी बुरशी चढली असेल तर तीही ओल्या फडक्यानं निघते. ती पानात शिरत नाही, साखरेवर वाढते आणि ऊन अडवते, एवढंच तिचं पाप. तिसरं, कापसाची काडी आणि ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, औषधाच्या दुकानात मिळतं ते. सॅनिटायझरचं जेल चालत नाही. काडी भिजवून थेट किडीवर टेकवायची. तिच्या अंगावरचं मेण विरघळतं आणि ती जागीच तांबूस पडते. हे संध्याकाळी करावं, खिडकी उघडी ठेवून, गॅस आणि देवघरातल्या समईपासून दूर. आधी एका पानावर लावून दोन दिवस थांबावं, डाग पडला नाही तर पुढे जावं. मग दर आठवड्याला तेच, नवी पिल्लं दिसायची थांबेपर्यंत आणि त्यानंतरही महिनाभर. अंड्यांवर अल्कोहोलचा भरवसा नाही, म्हणून हा धीर लागतो. खवले कीड असेल तर नखानं किंवा जुन्या दातांच्या ब्रशनं खरवडून काढावी. मावा बहुधा फुलांच्या दांड्यावर असतो. दांडाच कापून टाकला की काम संपलं.

निंबोळी तेलाबद्दल लोकांच्या मनात फार श्रद्धा आहे. माझीही आहे, द्राक्षात आणि भाजीत मी ते भरपूर वापरायला लावलं. पण मांसल पानांवर तेल जपून. उन्हात मारलं तर पान भाजतं, एचेवेरियाचं मेण जातं. साबणाच्या पाण्याचं त्याहून वाईट. परदेशात झाडांसाठी बनवलेल्या कीटकनाशक साबणाच्या वेष्टनांवरच जेड आणि ख्रिस्ताचा काटा ही झाडं नाजूक म्हणून छापलेली असतात. आपण तर भांडी घासायचं लिक्विड ओततो, जे साबणही नव्हे. जेडची पानं दोन दिवसांत गळायला लागली की म्हणतो, कीड भारी होती. झुरळांचा स्प्रे मारणारेही मी पाहिले. त्यातला द्रावकच पान जाळतो. आणि तंबाखूचं पाणी हा घरगुती उपाय म्हणून सुचवणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे: निकोटीन हे जालीम विष आहे, ते कातडीतूनही अंगात जातं. घरगुती म्हटल्यानं त्याचं विषपण कमी होत नाही.

मुळांकडे कुणी बघत नाही. वरून झाड स्वच्छ, तरी मरगळलेलं, पाणी घालूनही पानं सुरकुतलेली, असं असलं तर कुंडी पालथी करावी. मुळांवर आणि कुंडीच्या आतल्या कडेला पांढरी भुकटी दिसली तर तो मुळांवरचा पिठ्या ढेकूण. माती कचऱ्यात, मुळं धुऊन काही दिवस सावलीत सुकवायची, कुंडी गरम पाण्यानं घासायची आणि मग नव्या मिश्रणात लावायचं. नर्सरीची लाल चिकणमाती या झाडांना मुळातच मानवत नाही. भरड वाळू, विटेचे बारीक तुकडे, थोडं कोकोपीट आणि जरासं शेणखत पुरतं. युरिया तर अजिबात नको. नत्र जास्त झालं की रसात अमिनो आम्लं वाढतात आणि कीड दुप्पट जोमानं वाढते. द्राक्षात जे आम्ही घसा कोरडा करून सांगायचो, ते कुंडीलाही लागू आहे.

आता त्या बाटलीकडे येतो.

नर्सऱ्यांत आणि आता ऑनलाइनही, अशा किडीसाठी सर्रास आंतरप्रवाही कीटकनाशकं देतात, विशेषतः इमिडाक्लोप्रिड. ते मुळांतून किंवा पानांतून रसात उतरतं आणि रस पिणारी कीड मरते. शेतात त्याला जागा आहे, मी ती नाकारत नाही. पण ते झाडाच्या रसात फार काळ राहतं, फुलांच्या मधात उतरतं, आणि मधमाशीला ते अतिशय घातक आहे. युरोपीय संघानं २०१८ साली इमिडाक्लोप्रिडसह त्याच्या गटातल्या तीन औषधांचा उघड्यावरचा वापर बंद केला. २०१९ साली स्पेनमधल्या संशोधकांनी आणखी एक गोष्ट दाखवली, जी आपल्या विषयाला अगदी लागून आहे. लिंबूवर्गीय झाडांना ही औषधं दिली, त्यांवर वाढलेल्या पिठ्या ढेकणांच्या चिकट्यात ते विष उतरलं, आणि तो चिकटा चाखणाऱ्या उपयोगी माश्या आणि किडीवर जगणाऱ्या बारीक गांधीलमाश्या मेल्या. म्हणजे ज्या चिकट्यापायी आपण औषध घातलं, तोच चिकटा किडीच्या शत्रूंना मारायला लागला. घरातलं लहान मूल त्याच पानाला हात लावतं आणि तो हात तोंडात घालतं, हा विचार मला सोडत नाही.

शेतकऱ्याची द्राक्षं युरोपला जायची असतील, तर अपेडा या केंद्राच्या शेतमाल-निर्यात संस्थेच्या नियमांप्रमाणे बागेची नोंद लागते, फवारणीची वही लागते, औषधाच्या अवशेषांची प्रयोगशाळेत तपासणी लागते. काय मारलं, कधी मारलं, काढणीआधी किती दिवस थांबला, सगळं लिहून द्यावं लागतं. ते बरोबरच आहे. मग पिंपरीतल्या आठ बाय चारच्या बाल्कनीत बिनलेबलाची बाटली कशी चालते? १९६८ च्या कीटकनाशक कायद्याप्रमाणे असं औषध विकायला परवाना लागतो. वेष्टनावर घटकाचं नाव, मात्रा, विषबाधा झाली तर काय करायचं हे छापलेलं लागतं आणि रंगाचा त्रिकोण लागतो: लाल सगळ्यांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हा त्रिकोण बघायला शाळेत शिकवलं पाहिजे. ज्या बाटलीवर तो नाही ती घरात घेऊच नये, कितीही ओळखीच्या माणसानं दिली तरी.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर दगावले. कपाशी डोक्याइतकी वाढलेली, दमट हवा, अंगावर संरक्षक कपडे नाहीत, औषधांची मिश्रणं दुकानदाराच्या तोंडी सल्ल्यानं. त्या बातम्या वाचताना मला झोप लागत नसे, कारण तो तोंडी सल्ला कसा दिला जातो हे मी उभी हयात पाहिलं होतं. शेतकरी ‘पानं अशी झालीत’ म्हणतो, दुकानदार मागे वळून फळीवरची बाटली काढतो. मध्ये पान कुणी बघत नाही. शहरात धोक्याचं प्रमाण लहान आहे, हे मान्य. पण साखळी तीच आहे: लक्षण सांगायचं, बाटली घ्यायची. ती शहरातही रुजू देऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

कीड म्हटली की मारायलाच हवी, या घाईत आपण आपल्या बाजूचे किडेही मारतो. क्रिप्टोलेमस नावाचा एक छोटा भुंगेरा आहे, डोकं नारिंगी, पंख काळे. १८९८ साली कॉफीवरच्या खवले किडीसाठी तो ऑस्ट्रेलियातून भारतात आणला गेला. द्राक्षात आम्ही तो सोडायचो. त्याची अळी पांढऱ्या मेणाच्या झुपक्यांनी अशी झाकलेली असते की ती हुबेहूब मोठ्या पिठ्या ढेकणासारखी दिसते. सोडलेल्या अळ्या कीड समजून शेतकरी फवारून टाकायचे. ओळख एकच: ढेकूण जागचा हलायला तयार नसतो, अळी चपळ असते आणि ती ढेकूण खात असते. बाल्कनीत, विशेषतः बाजूला जास्वंद असेल तर, ही अळी आपोआप येते. मी आमच्या इमारतीत ती पाहिली आहे आणि ज्यांच्या कुंडीत होती त्यांना हात जोडून थांबवलं आहे.

विषाशिवाय काय होऊ शकतं याची दोन उदाहरणं आपल्याच देशात आहेत. पपईवरचा परका पिठ्या ढेकूण २००८ साली कोइमतूरला सापडला आणि दोनेक वर्षांत पुण्याकडेही पोचला. पपई, तुती, शोभेची झाडं पांढरी पडली. २०१० साली बंगळुरूच्या एका संशोधन संस्थेनं प्वेर्तो रिकोतून त्याच्यावर जगणारी एक बारीक गांधीलमाशी आणून वाढवली आणि सोडली, आणि फवाऱ्यांना न जुमानणारी कीड थोड्याच काळात आटोक्यात आली. दुसरं उदाहरण जुनं आहे. माझे आजोबा फड्या निवडुंगाबद्दल सांगायचे, गावकुसाबाहेरची जमीनच्या जमीन त्यानं अडवलेली असायची. १९२६ साली श्रीलंकेतून एक पांढरी, कापूस ल्यालेली, रस शोषणारी कीड भारतात आणली गेली, पिठ्या ढेकणाच्या नात्यातलीच, आणि तिनं रानोमाळ माजलेला निवडुंग वाळवला. जी कीड आज माझ्या शेजाऱ्याच्या जेडला छळते, तिच्याच नातलगांनी शेतकऱ्याला जमीन मोकळी करून दिली. म्हणून मी कुठल्याही किड्याचं नाव कळल्याशिवाय त्याला शत्रू म्हणत नाही.

आपल्याकडे ‘जेड’ म्हणून विकलं जाणारं झाड पुष्कळदा जेड नसतंच. बारीक पानांचं, लालसर खोडाचं असेल तर ते पोर्टुलकॅरिया. मोठ्या गोल पानांचं असेल तर ते क्रासुला, खरं जेड. दोन्ही दक्षिण आफ्रिकेची, दोन्ही ऊन मागणारी, दोन्ही पाणी कमी मागणारी. नाव माहीत नसेल तर त्याला काय सोसतं आणि काय नाही हे कळणार कसं? नर्सरीवाल्यानं कुंडीवर नाव लिहावं, एवढी अपेक्षा जास्त नाही. शेकड्यांनी दाटीवाटीनं ठेवलेली, युरियावर वाढवलेली रोपं विकताना एकदा पेरं बघावीत, कीड असेल ते रोप बाजूला काढावं. घेणाऱ्यानंही रोप घरात आणल्यावर तीन-चार आठवडे इतरांपासून वेगळं ठेवावं. द्राक्षवाला नवी रोपं आणताना खोड बघूनच घेतो.

आणि झाड वाचत नसेल तर? जेडचं वाचतं बहुधा. निम्मं छाटलं तरी फुटतं. एक निरोगी शेंडा घ्यावा, धुवावा, अल्कोहोलच्या काडीनं पुसावा, आठवडाभर सावलीत सुकू द्यावा आणि कोरड्या वाळूत खोवावा. उरलेलं किडकं झाड पिशवीत घट्ट बांधून टाकावं. सोसायटीच्या बागेत जास्वंदीच्या बुंध्याशी टाकू नये. पिठ्या ढेकणाला जास्वंदीइतकं दुसरं काही आवडत नाही आणि पंधरा दिवसांत तो परत वर येतो.

पुण्यात दर जानेवारीत एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरतं, मुंबईत राणीच्या बागेत भरतं. रोपांचे आणि कुंड्यांचे स्टॉल गर्दीनं फुललेले असतात, शेजारीच औषधांच्या बाटल्याही मांडलेल्या असतात. तिथं एक टेबल असं असावं, ज्यावर विकायला काही नसेल. एक भिंग, कापसाच्या काड्या, दोन-चार किडक्या फांद्या बंद बरणीत, आणि कृषी महाविद्यालयाचा एखादा विद्यार्थी. लोकांनी आजारी पान पिशवीत घालून आणावं, त्यानं ते उलटून दाखवावं आणि औषध लागतं की नाही ते सांगावं. आयोजकांनी जागा दिली तर पहिल्या वर्षी त्या टेबलाशी मी बसेन.